जुना वाडा, पॉवरलाइन अडॅप्टर: सकाळी ५८ एमबीपीएस, दिवेलागणीला ७. कुठे चुकतंय?

तिवंधा_माडी
मंडळी, जरा मदत हवी आहे. जुन्या नाशकात तिवंध्याजवळ आमचा वाडा आहे. फायबर खाली ओटीवर येतं, राउटर तिथेच आहे कारण इन्व्हर्टर पण तिथेच. प्लॅन २०० चा. खाली लॅपटॉपला केबल लावली की १९० च्या आसपास मिळतात, त्यामुळे फायबरवाल्याला बोलायला जागा नाही. प्रश्न माडीचा आहे. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात जाड, वर वायफाय म्हणजे खिडकीत फोन धरला तर एक दांडी. बायको माडीवर बसून घरून काम करते, तिच्या महत्त्वाच्या मीटिंग नेमक्या संध्याकाळी ७ ते ९.

मेहुणा इंग्लंडला असतो, त्याने पॉवरलाइन अडॅप्टरची (घरातल्या विजेच्या तारांमधूनच नेट नेणारे डबे) जोडी आणून दिली, डब्यावर १२०० लिहिलंय. एक खाली राउटरजवळ, एक वर. लावलं आणि पहिल्याच दिवशी सकाळी ५८ मिळाले, आम्ही खूश. पण संध्याकाळी सात वाजले की ७, कधी ५, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) ९० च्या वर, मीटिंगमध्ये बायकोचा आवाज तुटतो. रात्री दहानंतर परत ५० च्या वर. रोज हेच, गेले तीन आठवडे. अडॅप्टर बंद चालू करून झाला, परत पेअर करून झाला. तिला आता रोज सातच्या आधी पोटात गोळा येतो आणि मला ते बघवत नाही. १२०० चे ७ कसे होतात कुणी सांगेल का?

कॉलेजरोडचा_पक्या
१२०० लिहिलेल्या डब्यातून ७ निघाले म्हणजे बाकीचे ११९३ वाटेत मिसळ खायला थांबले बघा 😄 जाणकार येतीलच, मी बसलो वाचायला.

नाना_वायरमन
दादा आधी चार गोष्टी सांगा मग बोलू. एक, दोन्ही अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटला आहेत का एक्स्टेंशन बोर्डला. दोन, खालचा इन्व्हर्टरच्या लाइनीवर आहे का आणि वरचा कुठल्या लाइनीवर. तीन, वाड्याचं वायरिंग किती जुनं, अर्थिंग आहे का. चार, इंग्लंडचा प्लग आपल्या सॉकेटला बसत नाही, मग काय लावलंय मधे.

मी ३० वर्षं नाशकात वायरिंग करतोय, जुन्या नाशकातले वाडे म्हणाल तर निम्मे आतून बघितलेत. अडॅप्टरमधे दोष क्वचित असतो, दोष तारेत असतो.

पंचवटी_एक्सप्रेस
पॉवरलाइन म्हणजे पैसे पाण्यात. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मेश वायफायचे दोन डबे घ्या आणि विषय संपवा. माझ्या मखमलाबाद रोडच्या फ्लॅटमधे दोन वर्षं एकदम मक्खन चाललंय.

तिवंधा_माडी
@नाना, खालचा अडॅप्टर एक्स्टेंशन बोर्डला आहे, चांगल्यातला आहे, स्पाइक गार्डवाला. त्यातच राउटर आणि फायबरचा डबा. तो बोर्ड इन्व्हर्टरच्या सॉकेटला. वरचा अडॅप्टर १५ अँपियरच्या सॉकेटला आहे, पूर्वी तिथे कूलर लावायचो, ती लाइन इन्व्हर्टरवर नाही. वायरिंग खालचं साधारण २० वर्षांपूर्वी बदललंय, माडीवरचं त्याच्याही आधीचं. अर्थिंग खाली आहे, वर आहे का ते खरंच बघितलेलं नाही. प्लगसाठी ते चौकोनी कन्व्हर्टर मिळतात ना ते लावलेत.

@पंचवटी_एक्सप्रेस, राग कसला. पण मेशचे दोन डबे एकमेकांशी वायफायनेच बोलणार ना? आमच्या जिन्यातसुद्धा सिग्नल मरतो.

नाना_वायरमन
बघा, तुमच्या उत्तरातच तीन दुखणी निघाली.

चांगल्या स्पाइक गार्डच्या बोर्डात फिल्टर असतो. त्याचं कामच हे, की लाइनीवरचा ५० हर्ट्झ सोडून जो काही कचरा येईल तो गिळायचा. तुमच्या अडॅप्टरचा सिग्नल त्याच्या लेखी कचराच. तो चांगल्यातला आहे म्हणून तर जास्त गिळतो. आधी अडॅप्टर भिंतीत, राउटर बोर्डात राहू द्या.

दुसरं, खालचा इन्व्हर्टरच्या फेजवर आणि वरचा मेनच्या फेजवर म्हणजे सिग्नलला इन्व्हर्टरच्या पोटातून जावं लागतं. तिसरं कन्व्हर्टर. त्याची मोठी पिन हातात घेऊन बघा, बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरमधे ती नुसती प्लास्टिकची असते नाहीतर आत कशालाच जोडलेली नसते. म्हणजे अर्थ तुटला.

सातपूरकर
नानांनी बरोबर पकडलंय, त्यात थोडी भर घालतो. मी सातपूर एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं काम करतो, रोजचा धंदा नॉइजशी, म्हणजे तारांवरच्या गोंगाटाशी आहे.

डब्यावरचा १२०० हा आकडा इंटरनेटचा नाहीच. दोन अडॅप्टर आदर्श तारेवरून एकमेकांशी जास्तीत जास्त किती वेगाने बोलू शकतील, त्याचा तो आकडा आहे, जाणं आणि येणं दोन्ही धरून. एका वेळी एकच बोलू शकतो, दुसरा ऐकतो. त्यातच चुका सुधारायचा हिशोब आला. चांगल्या नव्या वायरिंगवर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं हाती लागलं तर उत्तम समजायचं. ५००, ६०० लिहिलेल्या कितीतरी जोड्यांना तर लॅन पोर्टच १०० चा असतो, तिथे काहीही केलं तरी ९५ च्या वर जाणार नाही. तुमचा १२०० वाला असेल तर पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० चा असणार, पण एकदा बघून घ्या, आणि लॅनची केबल पण बदलून बघा, आत एक जोडी तुटली असली तरी १०० वर अडकते.

आता हे काम कसं करतं. या अडॅप्टरांचं जुनं मानक होमप्लग एव्ही, २००५ चं, २ ते २८ मेगाहर्ट्झ वापरायचं. २०१२ ला एव्ही २ आलं ते ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. एवढ्या पट्ट्यात हजाराहून जास्त बारीक बारीक वाहक लहरी असतात आणि प्रत्येकीवर थोडा थोडा डेटा चढवलेला असतो. अडॅप्टर सतत मोजत असतो कुठल्या लहरीवर गोंगाट आहे, तिथला भार कमी करतो किंवा ती सोडूनच देतो. म्हणून याचं नेट एकदम बंद पडत नाही, वेग खाली खाली येतो. सकाळी ५८ आणि संध्याकाळी ७ याचा अर्थ तुमच्या तारांमधे संध्याकाळी सातला काहीतरी ओरडायला लागतं आणि दहाला गप्प बसतं.

आणि अर्थचं महत्त्व असं की १२०० वाले फेज-न्यूट्रल या जोडीसोबत अर्थची तारही वापरतात, दोन वाटांनी पाठवतात. अर्थ नसेल तर एक वाट बंद.

मृण्मयी_इंदिरानगर
सातपूरकर, किती सोपं करून सांगितलंत, धन्यवाद.

आमच्याकडे सेम झालं होतं. हॉल ते मागची बेडरूम, फ्लॅटच आहे, वायरिंग २०१६ चं. सुरुवातीला १२० मिळायचे आणि मग एकदम ३०. मी आठवडाभर सगळ्यांशी भांडले 😀 शेवटी काय निघालं, तर अडॅप्टरच्या शेजारच्याच सॉकेटमधे मुलाने फोनचा डुप्लिकेट चार्जर लावून ठेवलेला, फोन नसला तरी बटण चालू. चार्जर काढला की १२०, लावला की ३०. कंपनीच्या चार्जरने काही होत नव्हतं.

तिवंध्याचे दादा, तुमच्याकडे सातला काय चालू होतं ते शोधा. टीव्ही? पाण्याची मोटर?

तिवंधा_माडी
टीव्ही तर दुपारपासून चालू असतो, आईच्या मालिका. मोटर सकाळी. सातला तसं खास काही नाही. दिवे लागतात तेवढेच, सगळे एलईडी आहेत.

सहावी_स्कीम
वाचतोय. माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो, सिडकोतलं घर, खाली आम्ही, वर भाऊ, मीटर दोन. जोडी आणली, लावली, दोन्ही दिवे लागले पण एकमेकांना ओळखतच नव्हते, बटण दाबून दाबून बोट दुखलं. कारण दोन मीटर म्हणजे दोन वेगळ्या लाइनी. एका वर्षात एकदाच जुळलं होतं आणि तेव्हा २ एमबीपीएस. शेवटी बाहेरून लॅन केबल सोडली. तिवंधा दादा, वाड्यात भाऊबंदांचे मीटर वेगळे असतात, तुमची माडी खालच्याच मीटरवर आहे ना?

तिवंधा_माडी
हो, एकच मीटर. शेजारच्या चौकात चुलत्यांचं वेगळं आहे. त्यांच्याकडे हा सिग्नल जाऊ शकतो का? त्यांचं माझं नेट एक होऊन जाईल का हीही शंका आहे.

सातपूरकर
थोडाफार झिरपतो. म्हणून तर पेअरचं बटण आहे. एकाचं दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं, मग ते दोघं आपली किल्ली ठरवतात, १२८ बिटचं एन्क्रिप्शन. कारखान्यातून येताना सगळ्यांची किल्ली एकच असू शकते, त्यामुळे पेअर केल्याशिवाय वापरू नका. तुम्ही केलंय, काळजी नको. आणि पुढे तिसरा अडॅप्टर घ्यायचा झाला तर त्याच जातीचा घ्या, होमप्लग आणि जी डॉट एचएन या दोन वेगळ्या जाती आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत.

पंचवटी_एक्सप्रेस
मी तरी म्हणेन एवढा खटाटोप कशाला. एक कॅट सिक्स केबल ओढली की जन्माची कटकट गेली. १०० मीटरपर्यंत लॅनला काही होत नाही, तुमचा वाडा काही १०० मीटरचा नसेल.

नाना_वायरमन
केबलला तोड नाही हे मला मान्य. पण वाड्यात केबल ओढणं बोलण्याइतकं सोपं नाही दादा. त्या भिंतीला ड्रिल लावलं की भगदाड पडतं, माती नुसती ओघळत राहते. लाकडी तुळयांना भोक पाडायला घरमालक तयार नसतो आणि नसावाच. बाहेरून न्यायची तर उन्हापावसात टिकणारी काळी केबल लागते, घरातली पांढरी दोन उन्हाळ्यांत तडकते. आणि काही झालं तरी लाइटच्या पाइपातून लॅन केबल ओढू नका कुणी, २३० च्या तारेसोबत एका पाइपात लॅन, मी असं केलेलं बघितलंय आणि काढायला लावलंय. जिवाशी खेळ आहे तो.

रेडिओवाले_काका
नमस्कार. मी शॉर्टवेव्ह ऐकणारा माणूस, या अडॅप्टरांशी माझं जुनं वैर आहे, तरी मदत करतो.

वैराचं कारण आधी सांगतो. २ ते ३० मेगाहर्ट्झ हा आमचा शॉर्टवेव्हचा पट्टा आणि हे अडॅप्टर नेमके त्याच पट्ट्यात बोलतात, तेही घरातल्या तारांवर, ज्यांना कसलंही शिल्डिंग नाही. तार म्हणजे अँटेनाच. हौशी रेडिओवाल्यांचे पट्टे, जसा ४० मीटरचा ७ मेगाहर्ट्झचा, ते अडॅप्टर बनवणारे सोडून देतात, तिथे खाच ठेवलेली असते. पण बाकी प्रसारणाच्या पट्ट्यांवर खरखर येते. शेजारी कुणी जुना रेडिओ घेऊन बसत असेल तर त्याला एकदा विचारा, एवढी विनंती.

आता मदत. जी गोष्ट तुमच्या अडॅप्टरला त्रास देते तीच माझ्या रेडिओला देते. घरात जुना ट्रान्झिस्टर आहे का? शॉर्टवेव्हचा पट्टा असेल तर उत्तम, नसेल तर मीडियम वेव्ह चालेल, एफएम नको, त्यावर कळणार नाही. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा, आवाज वाढवा आणि संध्याकाळी सातनंतर रेडिओ हातात धरून घरभर फिरा. जिथे खरखर वाढेल तिथे चोर. मी याच पद्धतीने आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातला एक एलईडी दिवा पकडला होता.

कॉलेजरोडचा_पक्या
काका हे भारी आहे, पोलीस कुत्र्यासारखा रेडिओ फिरवायचा 😄 मी आजच आजोबांचा काढतो माळ्यावरून.

देवळालीकर
थ्री फेजवाल्यांसाठी लिहून ठेवतो, पुढे कुणाच्या कामी येईल. आमच्या बंगल्यात थ्री फेज कनेक्शन आहे. हॉल एका फेजवर, वरच्या खोल्या दुसऱ्यावर. सिग्नल एका फेजवरून दुसऱ्यावर उडी मारतो पण फार अशक्त होऊन, मला १५ मिळायचे. वायरमनने डीबीमधे (मेन स्विचच्या पेटीत) वरच्या एका खोलीचा एमसीबी (त्या लाइनीचा खटका) हॉलच्या फेजवर घेतला, दहा मिनिटांचं काम, ९० झाले. घरच्या घरी कुणी करू नका, लोड बघावा लागतो.

नाना_वायरमन
देवळालीकर बरोबर. आणि ते काम मेन बंद करूनच, लायसन्सवाल्याकडून.

तिवंधा_माडी
मंडळी, आज रविवार, दिवसभर हेच केलं. मुलीने वही घेतली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा लिहायचा असं ठरवलं. लॅपटॉप खाली आणि वर दोन्हीकडे, आयपर्फ (दोन कॉम्प्युटरमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम) टाकून मोजलं म्हणजे इंटरनेटचा संबंधच नको.

आधी दोन्ही अडॅप्टर ओटीवरच, एकाच स्विचबोर्डच्या दोन सॉकेटना लावले. ३४० आले! म्हणजे अडॅप्टर ठणठणीत. मग वरचा माडीवर नेला, ६१. मग खालचा स्पाइक गार्डमधून काढून भिंतीत, ७४. पुढे नाना म्हणाले तसं वरचा अडॅप्टर कूलरच्या सॉकेटमधून काढला आणि ट्यूबलाइटच्या बोर्डवरच्या साध्या सॉकेटला लावला, तो बोर्ड इन्व्हर्टरवर आहे, म्हणजे आता दोन्ही एकाच लाइनीवर. ८८. हे सगळे दुपारचे आकडे.

कन्व्हर्टर स्क्रू काढून उघडले. दोन्हींच्या मोठ्या पिनेला आत तारच नाही, नानांनी न बघता सांगितलेलं. सोमवारी एमजी रोडला जाऊन तीन पिन नीट जोडलेले आणतो.

आणि संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वर ९. परत ९. ८८ वरून. मला रडू यायचं बाकी होतं.

मृण्मयी_इंदिरानगर
दादा धीर धरा, निम्मं काम झालंय. दिवसा ५८ चे ८८ झाले ना. आता फक्त सातचा चोर राहिला. रेडिओ घ्या हातात.

सातपूरकर
वही ठेवलीत हे फार चांगलं केलं, आमच्याकडे नव्या इंजिनिअर पोरांना हेच शिकवावं लागतं. आता सात वाजायच्या आधी वरच्या लॅपटॉपवर राउटरला पिंग सोडून ठेवा आणि कुणीतरी पडद्याकडे बघत बसा. ज्या क्षणी आकडा उडेल त्या क्षणी घरात कोणतं बटण दाबलं गेलं ते विचारा. दुसरा उपाय डीबीवरचे एमसीबी एक एक करून खाली पाडायचे, कोणत्या लाइनीने फरक पडतो ते कळतं.

पंचवटी_एक्सप्रेस
मी माघार घेतो, हे मेशने झालं नसतं. उत्सुकता लागली आहे, काय निघतं ते नक्की लिहा.

तिवंधा_माडी
सापडला!! हात थरथरतायत टाइप करताना.

बायकोने आज मीटिंग उशिरा घेतली. ती माडीवर पिंग लावून बसली, मी जिन्यात मधे उभा, मुलगी खाली वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर घेऊन. पावणेसातपासून पिंग ४, ५, ४, ४ असा एका सुरात. आईने हातपाय धुतले, देवघरात गेली, तेलाचा दिवा लावला, उदबत्ती लावली. पिंग ४. मग तिने भिंतीवरचं बटण दाबलं आणि वरून बायको ओरडली, "गेलं! सत्तर! एकशे वीस!" आणि त्याच क्षणी मुलीच्या हातातला रेडिओ असा करकरला की आई दचकली.

देवघराच्या महिरपीला एलईडीची माळ आहे. गेल्या गणपतीला आणलेली, मग आईला आवडली म्हणून तिथेच राहिली. रोज दिवेलागणीला ती चालू करते आणि झोपायच्या आधी, म्हणजे दहाला, बंद करते. सात ते दहा! माळेला एक छोटा काळा अडॅप्टर आहे, काडेपेटीएवढा, वजनाला काहीच नाही, त्यावर ना कुठला शिक्का ना नाव. आणि देवघराची भिंत म्हणजे ओटीच्या स्विचबोर्डची मागची बाजू, एकाच तारेवर. आम्ही पाच वेळा करून बघितलं. बंद, ४. चालू, ११०. मुलगी तर हसून हसून खाली बसली.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी लिहिलं होतं "दिवे लागतात तेवढेच". समोरच होतं.

कॉलेजरोडचा_पक्या
काय क्लायमॅक्स आहे राव! धागा वाचता वाचता मी उठून उभा राहिलो. आजींना नमस्कार सांगा 🙏

रेडिओवाले_काका
फार आनंद झाला. त्या काळ्या अडॅप्टरमधे जो फिल्टरचा भाग असायला हवा, एक गुंडाळी आणि दोन कपॅसिटर, तो पैसे वाचवायला टाकलेलाच नसतो. आतला स्विचिंगचा गोंगाट सरळ तारेवर येतो. वडिलांच्या ट्रान्झिस्टरला जपा.

तिवंधा_माडी
आता अडचण वेगळीच. आई म्हणते काढून टाक ती माळ, सुनबाईच्या कामापेक्षा मोठी आहे का. पण मला काढायची नाहीये. बाबा गेल्यापासून संध्याकाळचा तेवढा वेळ ती तिथे बसते, माळेच्या उजेडात पोथी वाचते. माळ राहिली पाहिजे आणि नेट पण. काही उपाय?

सातपूरकर
आहे, आणि तुमच्या घरातच पडलाय. तो स्पाइक गार्डचा बोर्ड, ज्यातून अडॅप्टर बाहेर काढलात, तो देवघराकडे न्या आणि माळ त्याच्यात लावा. जो फिल्टर तुमचा सिग्नल गिळत होता तोच आता माळेचा गोंगाट गिळेल, बाहेर येऊ देणार नाही. फॅक्टरीत आम्ही ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी फिल्टर बसवतो तो याच कारणाने. त्याने पूर्ण भागलं नाही तर माळेचा अडॅप्टर बदला, व्होल्टेज तेच आणि अँपियर तेवढा किंवा जास्त, चांगल्या कंपनीचा, बीआयएस नोंदणीचा शिक्का बघून.

नाना_वायरमन
वा सातपूरकर, याला म्हणतात डोकं. मी पंधरा वर्षं बोर्ड काढा काढा सांगत आलो, उलटा लावायचं सुचलं नव्हतं.

तिवंधा दादा, माडीच्या अर्थिंगचं विसरू नका मात्र. नेटसाठी नाही, जिवासाठी. कूलरचा पत्रा, इस्त्री, सगळं त्या सॉकेटला लागतं. मल्टिमीटरने फेज ते अर्थ बघा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ एक दोन व्होल्ट ठीक. खालचा अर्थिंगचा खड्डा किती जुना? मीठ कोळसा टाकलेला असेल तर उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, कोरडा पडला की असून नसल्यासारखा.

देवळालीकर
+१ नाना. आमच्याकडे खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक बसवून टाकले होते, पाणी घालायला जागाच नव्हती.

सहावी_स्कीम
थोडं विषय सोडून, पण अनेकांना सुचत नाही म्हणून. फायबर मुळात ओटीवरच का यायला पाहिजे? ती तार इतकी बारीक असते की खिडकीच्या चौकटीतून वर नेता येते, डबा आणि राउटर दोन्ही माडीवर. आमच्या गल्लीत दोघांनी करून घेतलं. फायबर काचेची, तिला लाइटच्या तारेचा गोंगाट लागत नाही.

तिवंधा_माडी
@सहावी_स्कीम, विचारलं होतं, ते म्हणाले दोन आठवड्यांनी माणूस येईल, तेव्हापासून महिना झाला. आला तर तेही करून बघेन, पण मग आईच्या खालच्या टीव्हीला नेट कसं द्यायचं हा उलटा प्रश्न, तेव्हा ही जोडी तशीही लागेलच.

सहावी_स्कीम
ते खरं.

तिवंधा_माडी
आठवड्याने अपडेट देतोय, उशिराबद्दल माफी, वायरमन मिळत नव्हता.

माळ स्पाइक गार्डमधे लावली त्याच दिवशी संध्याकाळी ९ वरून ७० झाले. मग एमजी रोडवरून तीन पिन पक्के जोडलेले कन्व्हर्टर आणले, दुकानदारासमोर मल्टिमीटर लावून बघूनच घेतले. त्याने दुपारच्या ८८ मधे काहीच फरक पडला नाही, आणि कारण नाना म्हणाले तेच, माडीवर अर्थची तारच नव्हती, सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेला. शनिवारी वायरमन आला, खालच्या बसबारपासून (सगळ्या अर्थच्या तारा जिथे जुळतात तिथून) वर हिरवी तार ओढली, जिन्याच्या कडेने पट्टीतून, भिंतीला एकही भोक न पाडता. खड्डा उघडला तर आत खडखडीत कोरडा, दोन बादल्या पाणी पिऊन गेला. आईने तुळशीसोबत त्यालाही पाणी घालायचं काम स्वतःकडे घेतलंय.

अर्थ आल्यावर वर ११६. ३४० कुठे आणि ११६ कुठे हे कळतं, पण २०० च्या प्लॅनवर मीटिंगला ११६ म्हणजे पुष्कळ झाले. काल लाइट पण गेली होती अर्धा तास, दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनीवर असल्यामुळे नेट चालू राहिलं. इन्व्हर्टरवर असताना ४० पर्यंत उतरलं, पण आवाज तुटला नाही.

सातपूरकर
तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. तो बॅटरीवर असताना स्वतःच गोंगाट करतो. पुढे कधी बदललात तर साइन वेव्हचा घ्या. ४० टिकले म्हणजे छानच.

मृण्मयी_इंदिरानगर
वहिनींना आता सातच्या आधी पोटात गोळा येत नाही ना?

तिवंधा_माडी
नाही येत. आत्ता ७:२० झालेत, खाली माळ चालू आहे, आईची पोथी चालू आहे, वर मीटिंग चालू आहे. मुलीने वहीत आकडा लिहिला, १०८.

पंचवटी_एक्सप्रेस
अभिनंदन दादा! आता माझा प्रश्न. आमच्या मामांचं घर भद्रकालीत, असाच वाडा, पण तिथे पंख्याला गोल फिरवायचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहेत. त्यांचाही त्रास होतो का? मी त्यांच्यासाठी जोडी घ्यायचा विचार करतोय.

नाना_वायरमन
होतो, विशेषतः पंखा मधल्या स्पीडवर असताना. जुन्या टप्प्याटप्प्याच्या रेग्युलेटरला कमी. जोडी घ्यायच्या आधी मामांकडे एकच मीटर आहे का आणि अर्थ आहे का ते बघून या, मग इथे लिहा.

पंचवटी_एक्सप्रेस
रविवारी जातो. रेडिओ घेऊनच जातो.